यादीत स्वतःचे नाव

मुले मोबाईलवर जपानी मालिका पाहत बसतात म्हणून आपण रागावतो. या सुट्टीत आम्ही रागावण्याऐवजी आमच्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याच्या शेजारी बसलो आणि दोन मालिका शेवटपर्यंत पाहिल्या: 'डेथ नोट' आणि 'कोड गीअस'. दोन्ही जपानमध्ये ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाल्या. दोन्हींचे नायक सतरा वर्षांचे, हुशार विद्यार्थी. दोघांच्याही हाती अचानक अफाट ताकद येते आणि दोघेही माणसे मारतात.

लाइट यागामीला एक वही सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून तीत नाव लिहिले की तो माणूस चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांना संपवू लागतो. सुरुवातीला आम्हालाही ते पटले, हे कबूल करतो. पण त्याला नावे मिळतात कुठून? बातम्यांतून! टीव्हीवर नाव आणि फोटो आला की निकाल लागला. बातमीत नाव येणे आणि गुन्हा शाबित होणे यांत किती अंतर असते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. पुढे त्याचा माग काढायला आलेले एफबीआयचे बारा जणही तो संपवतो. त्यांचा गुन्हा काय होता? या खुन्याला शोधणाऱ्या पथकाचा प्रमुख लाइटचा बापच आहे आणि मरेपर्यंत तो मुलाला निर्दोष समजतो. हे पाहताना आम्हाला सर्वांत जास्त दुःख त्या बापाचे झाले.

'कोड गीअस'मधला लेलूश हा ब्रिटानिया साम्राज्याचा परागंदा राजपुत्र. या कथेत साम्राज्याने जपान जिंकून त्याचे नावही पुसले आहे. देश 'एरिया ११' आणि लोक 'इलेव्हन'. नजरेला नजर भिडवून लेलूशने दिलेला हुकूम मोडता येत नाही. त्याला आपल्या अंध, अपंग बहिणीसाठी मायाळू जग हवे आहे. पण ताकद आटोक्याबाहेर जाते. गमतीत बोललेल्या एका वाक्यामुळे त्याची सावत्र बहीण युफेमिया निरपराधांची कत्तल सुरू करते आणि शेवटी तिला त्यालाच गोळी घालावी लागते. अखेरीस जगाचा सारा द्वेष स्वतःवर ओढून घेऊन तो ठरवून मित्राच्या हातून मरण पत्करतो.

दोघेही म्हणतात, चांगल्या जगासाठी. फरक हिशेबात आहे. लाइटच्या यादीत सगळे गुन्हेगार आहेत, स्वतः सोडून. लेलूश त्या यादीत स्वतःचे नाव घालतो.

भाचा म्हणाला, "मामू, तो स्वतः मेला ना? मग हिशेब फिटला."

आम्ही विचारले, "ज्यांची माणसे गेली, त्यांना कोणी विचारले का?"

तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग त्याने काय करायला हवे होते?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्या रात्री जेवण उशिरा झाले, पण बोलणे थांबले नाही.

या मालिका लहान मुलांसाठी नाहीत, हे खरे. पण मोठी मुले पाहणारच असतील तर एकदा शेजारी बसा आणि एवढेच विचारा: इन्साफ करायला निघालेल्या या मुलाचा इन्साफ कोण करणार?