वजन नको, लांबी सांगा!

बंदुकीचा विषय निघाला की आपल्या लोकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जड गोळी म्हणजे भारी रायफल. दुसरा म्हणतो, नळीत जितका जास्त पीळ तितका नेम पक्का. दोन्ही पक्ष चुकलेले, आणि आवाज दोघांचाही मोठा!

नळीतल्या पिळदार खाचा गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात. पुरेशी फिरली नाही तर ती हवेत कोलांट्या खाते आणि कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते. किती फिरवायची हे मुख्यतः लांबीवर ठरतं. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली शिशाच्या गोळीसाठी सोपं सूत्र दिलं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. जे उत्तर येईल तितक्या इंचांत एक फेरा. वजन त्यात कुठेच नाही. एकाच जाडीची, एकाच धातूची गोळी जड झाली की लांब होते, म्हणून लोक वजन बोलतात, इतकंच.

पण धातू बदलला की ही सोय संपते. ५.५६ मिमीची नाटोची एसएस१०९ गोळी ६२ ग्रेनची, साधारण २३ मिमी लांब. तिच्या जोडीची, उजेड सोडत जाणारी ट्रेसर गोळी ६४ ग्रेनची, म्हणजे वजन जवळजवळ तेच, पण लांबी २९ मिमीच्या आसपास! साध्या गोळीला ९ इंचांत एक फेरा पुरला असता. अमेरिकेने एम१६ए२ च्या नळीला ७ इंचांचा पीळ दिला तो या ट्रेसरपायी. जुन्या एम१६ च्या १२ इंची नळीतून हीच नवी गोळी मारली तर ती सरळ जात नाही. आता सांगा, वजन विचारून काय कळलं?

दुसरा वाद इथे, शारजात, जेवणाच्या डब्यावर ऐकू येतो. अबुधाबीच्या कॅराकल कंपनीची कार्बाइन २०१८ मध्ये आपल्या लष्करासाठी निवडली गेली होती (ती खरेदी पुढे झाली नाही). तेव्हापासून एक वाक्य ठरलेलं: "वाळवंटातली बंदूक लडाखच्या थंडीत काय चालणार?" थंडीत तेल घट्ट होतं, दारूचा जोर घटतो, ही शंका रास्त आहे. पण पिळाबद्दल बोलत असाल तर हिशोब उलटा आहे, बरं का! हवा जितकी दाट तितका जास्त पीळ लागतो. सुरुवातीच्या एआर-१५ चा १४ इंची पीळ कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत अपुरा ठरला, म्हणून १९६३ मध्ये १२ इंच केला. ती हवा होती थंड आणि दाट. उन्हाळ्यात ४५ अंशांना अल मजाजच्या खाडीकाठची हवा घनमीटरला सुमारे १.१ किलो भरते. लेहला साडेतीन हजार मीटरवर, उणे २० अंशांतही, ती ०.९ च्या आसपास. म्हणजे लेहची हवा आमच्या उकाड्यापेक्षाही विरळ! जी गोळी इथे स्थिर उडते ती तिथे पिळाअभावी कोलमडणार नाही.

खरी भीती वेगळीच आहे. नळी परदेशी आणि काडतूस जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातलं, अशी जोडी जमवायची झाली तर नळीचा पीळ किती आणि वरणगावच्या गोळीची लांबी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवायला हवेत. ट्रेसरचा तिसरा. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत मात्र किंमत असते, संख्या असते आणि बंदुकीचं वजन असतं.