गोळ्या चालू आहेत ना? मग बोलून काय होणार!

परवा सोलापुरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मामेभावाचा विषय निघाला. (त्याला विचारूनच लिहितोय.) स्किझोफ्रेनियाच्या औषधांबरोबर तो समुपदेशनालाही जातो, असं मी म्हणालो. त्यावर एक काका उद्गारले, "गोळ्या चालू आहेत ना? मग बोलून काय होणार? नुसतं बोलायचे कसले पैसे?"

पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसलो. काका, आता तुमचा मान राखून इथे उत्तर देतो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते कबूल करतो. हा आजार नुसत्या बोलण्याने बरा होत नाही. "गोळ्या सोडा, आम्ही बोलून बरं करतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं. २०१४ साली तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सीबीटी नावाच्या संवाद-उपचाराचा लक्षणांवरचा परिणाम लहानच निघाला.

पण लहान म्हणजे शून्य नव्हे! भावाला औषधाने खूप फरक पडला, तरी आवाज पूर्ण गेले नाहीत. दोन वर्षं आम्ही घरचे त्याला "अरे, हे भास आहेत" म्हणून पटवत होतो. भांडणाशिवाय हाती काही लागलं नाही. समुपदेशक बाईंनी साधा प्रश्न विचारला, "आवाज कधी वाढतात?" उत्तर निघालं : झोप बिघडली की, गर्दीत, आणि घरात वाद झाला की. म्हणजे आम्ही त्याला समजावत होतो तेव्हा!! यंदा संक्रांतीला तो गड्ड्यावर जाऊन आला. गर्दी नसताना, भर दुपारी. आवाज होतेच, पण त्यांना घाबरून तो घरात बसला नाही. हा फरक कुठल्या रक्ततपासणीत दिसणार?

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा २०१४ चा सल्ला असा : औषधाबरोबर सीबीटीची किमान १६ सत्रं, आणि कुटुंबासाठी किमान १०. कुटुंबासाठी का? कारण घरातले टोमणे आणि सततची टोकाटोकी आजार उलटवायला मदत करतात. म्हणजे बोलायला आपणही शिकायचं असतं.

"हे तिकडचं झालं" म्हणाल. मग साताऱ्याचं ऐका. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे मिळून २८२ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जात, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलत, औषधं नीट घ्यायला आणि पुन्हा कामाला लागायला मदत करत. वर्षभरात या रुग्णांची स्थिती नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा थोडी बरी झाली. थोडीच. पण ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला 'थोडी'ची किंमत विचारा.

'देवराई' (२००४) आपण सगळ्यांनी पाहिला. अतुल कुलकर्णी सोलापुरात वाढलेला म्हणून अभिमानाने पाहिला, डोळेही पुसले. आणि त्याच लग्नात माझा भाऊ एका कोपऱ्यात दोन तास बसला होता. एकानेही त्याला "जेवलास का रे?" विचारलं नाही.

काका, त्याला एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

असो.