काच फोडली आपण, झाडली कुणी?



या अंकासाठी दुसरंच संपादकीय लिहून तयार होतं. ते बाजूला ठेवलं. मधे आमच्या तालुक्याच्या गावात बंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जे बघितलं, ते सांगितल्याशिवाय या पानावर क्रांतीच्या गप्पा हाणायचा मला हक्क नाही.

बंद खोटा नव्हता. शेजारच्या खेड्यात आपल्या माणसाला झोडपलं होतं आणि दोन दिवस गुन्हा नोंदवून घेतला जात नव्हता. लोक रस्त्यावर उतरले. उतरायलाच पाहिजे होतं. दुपारपर्यंत सगळं शिस्तीत चाललं. मग स्टँडवर एक दगड गेला. त्याच्या मागं दहा गेले. दोन एसट्यांच्या काचा, चौकशीची खिडकी, पाणपोईच्या तोट्या आणि वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे सहा दिवे. पोरं छाती फुगवून घरी आली. मी त्यांच्यातच होतो. दगड मारला नाही, पण कुणाचा हातही धरला नाही. हात धरला नाही म्हणजे मारलाच की.

पहाटे पाचला स्टँडवर गेलो तर काचा झाडत होती आमची मावशी. ठेकेदाराकडं सफाईला आहे. हातात मोजे नाहीत, पायात झिजलेली स्लीपर. तळहात कापलेला, त्याला लुगड्याची चिंधी बांधलेली. मला बघून म्हणाली, "काल लई मोठं काम केलंसा म्हणं. आता ही पाटी उचलू लाग."

उचलू लागलो. तोंडातून शब्द फुटेना.

त्या बंदात तहसीलदाराच्या गाडीला ओरखडा आला नाही. ज्यांनी मारलं त्यांच्या वाड्याचं कौल हललं नाही. त्यांच्या दारात मोटरसायकली, चारचाक्या. एसटी बंद पडली तर त्यांचं काय अडतं? चार दिवस वस्तीकडची गाडी आली नाही. कॉलेजच्या पोरी चालत गेल्या, आणि अंधार पडायच्या आत घरी या म्हणून आया त्यांना शेवटचा तास बुडवायला सांगू लागल्या. दिवे आपणच फोडले होते. कुणाला वाकवायला निघालो होतो आपण, आणि वाकलं कोण?

मला माहीत आहे, तुमच्यातला एखादा हे वाचून उसळणार. म्हणणार, साला हा पण शांतता कमिटीचा मेंबर झाला. सार्वजनिक म्हणजे कुणाचं रे? नळाची लाइन आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन संपते. डांबर चौकापर्यंतच असतं. गटार गावाचं आणि वास आमचा. ज्या मालमत्तेत आमचा वाटाच नाही, ती आम्ही का जपायची?

प्रश्न शंभर टक्के खरा आहे. तो उडवून लावणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर नगरसेवक. पण हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनीही विचारला होता, आणि त्यांनी दिलेलं उत्तर आपण विसरलो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड हे तेव्हा कोकणातलं एक लहानसं गाव. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला कुणी हात लावू दिला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांनी तळ्याचा एक दगड हलवला नाही. मार मात्र खाल्ला. परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली.

मग तळ्याचं काय झालं? सनातन्यांनी ते 'शुद्ध' केलं. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. गावाच्या पिण्याच्या पाण्यात! आता सांगा, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस कुणी केली? आपण फक्त प्यालो होतो.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मधे आपला ठराव मागं घेतला. सवर्ण मंडळी कोर्टात गेली. दावा काय? तर तळं आमचं आहे, दुसऱ्यांचा त्यावर हक्क नाही. ही केस दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात बाबासाहेब जिंकले.

म्हणजे बघा. ते म्हणत होते, 'आमचं'. बाबासाहेब म्हणत होते, 'सगळ्यांचं'. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला कुणी दान दिलेला नाही. डोकी फोडून घेऊन, दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आपण तो मिळवला. आणि आज पाणपोईच्या तोट्या आपणच उपटतो!

संविधानात तो शब्द पक्का बसवला. कलम १५ चा दुसरा भाग उघडून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक जागा यांच्यापासून जात, धर्म, लिंग दाखवून कुणालाही अडवता येणार नाही. हा हक्क १९५० चा. 'सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करा' हे कर्तव्य कलम ५१ क मधे घातलं ते ४२ व्या दुरुस्तीनं, १९७६ साली, आणीबाणीत. शाळेच्या भिंतीवर आपल्याला कर्तव्याची पाटी दिसते. हक्काची पाटी कुणी रंगवत नाही. आपण दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लावू. ज्याचा हक्क, त्याचीच राखण. मालक आपल्या घराला कुलूप लावतो ते सरकारचा जीआर आला म्हणून लावत नाही.

आणि आपल्याजवळ दुसरं आहे तरी काय? सातबारा नाही. बंगला नाही. ज्याच्याकडं पैसा आहे, तो पाण्याचा टँकर मागवतो, इन्व्हर्टर लावतो, पोराला इंग्लिश मीडियमला घालतो, बापाला खाजगी दवाखान्यात नेतो. भूमिहीनाची जी काही इस्टेट आहे ती हीच. एसटी, सरकारी दवाखाना, नगरपालिकेची शाळा, अभ्यासिका, हापसा, रस्त्यावरचा दिवा. यातली एक वस्तू मोडली की श्रीमंताचा खर्च वाढतो आणि गरिबाचं आयुष्य अडतं.

याचा अर्थ दगड मारणारी पोरंच तेवढी गुन्हेगार, असा कुणी काढला तर त्याच्या कानाखाली आवाज काढीन. दगडाची काच एका मिनिटात फुटते, सगळ्यांना दिसते, पेपरात फोटो येतो. दुसरी मोडतोड हळू चालते, आणि ती करणाऱ्यांना हार घालतात. पहिल्या पावसात वाहून जाणारा रस्ता ही मोडतोडच आहे. नळाच्या लाइनीला मोटार लावून वरच्या आळीत पाणी खेचतात, खालच्या वस्तीत नळ नुसता फुसफुसतो, ही मोडतोड आहे. समाजमंदिराचं सिमेंटचं गोदाम होतं, गायरानावर पत्र्याचं कंपाउंड उठतं, हीही मोडतोडच. तिच्यावर कधी बंद झाला? आणि आपल्यातले? समाजमंदिरात पत्त्यांचा डाव मांडणारे, गटारावरची लोखंडी झाकणं भंगारात घालणारे, डीपीतलं तांबं काढणारे आपल्यातही आहेत. जात आपली आहे म्हणून त्यांना सोडायचं? डीपी जळाली की अंधारात अभ्यास कुणाच्या पोराचा बुडतो?

आता कायद्याचं ऐका, कारण त्यात आपली पोरं अडकतात. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४ चा आहे. पाणी, वीज, सार्वजनिक वाहतूक यांच्या मालमत्तेची नासधूस केली तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आग लावली तर एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. १६ एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरपाईची जबाबदारी मोडतोड करणाऱ्यावर आणि कार्यक्रमाच्या आयोजकांवरही राहील. मारहाणीच्या केसमधले आरोपी जामिनावर चहा पितात आणि आपला बी.ए.चा पोरगा पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीला लटकतो. एका काचेच्या बदल्यात आख्खं आयुष्य. हा सौदा कुणी केला?

आणि सत्तेला निमित्त हवंच असतं. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. लोक गॅसचा टँकर पेटवणार होते, म्हणून गोळ्या झाडल्या, असं सांगितलं गेलं. गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही. अरे, खोट्या टँकरवर जे गोळ्या झाडतात त्यांच्या हातात आपण खरी पेटलेली गाडी का द्यायची? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. दोन महिन्यांनी, कानपूरला पुतळा फोडल्याच्या संतापात, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. राग मला समजतो. तोच राग माझ्याही पोटात होता. पण त्या दिवसानंतर पांढरपेशांच्या घरात चर्चा कशाची झाली, आठवून बघा. चार प्रेतं मागं पडली, डबे पुढं आले. आपण त्यांना विषय बदलून दिला.

राग विझवा असं मी म्हणत नाही. रागाला कामाला लावा.

माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. वॉर्डातल्या रस्त्याचं अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तिका मागा, ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं आहे ते विचारा. याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. रस्त्याची खडी पिशवीत भरून आणा आणि ती पिशवी नगरपालिकेच्या टेबलावर ठेवा. दगडच उचलायचा असेल तर हा उचला! लाइनीला मोटारी किती, त्याची गल्लीवार यादी करा. पाणवठ्यावर, रस्त्यावर जातीमुळं अडवलं तर तो ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहे, पाणी घाण करणं हाही आहे. तिथं माघार नको. समाजमंदिराची किल्ली मागून घ्या, पत्ते उठवा, अभ्यासिका बसवा. आणि पुढच्या मोर्चाला स्वयंसेवक नेमा. आपल्यातलाच कुणी, किंवा आपल्यात घुसवलेला कुणी, दगड उचलेल तर त्याचा हात तिथंच धरायचा. पहिला हात मी धरणार. मागच्या वेळी धरला नाही, ते कर्ज माझ्यावर आहे.

फुटलेल्या सहा दिव्यांसाठी आम्ही वर्गणी काढली. त्याच दिवशी नगरपालिकेला दोन अर्ज दिले. एक दिवे लावण्यासाठी. दुसरा सफाई कामगारांना हातमोजे आणि बूट देण्यासाठी, आणि ठेकेदाराच्या कागदावर ते दिल्याचं दाखवलं आहे काय, ते कळण्यासाठी. दिवे लागलेत. दुसऱ्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे. आलं की याच पानावर छापू. नाही आलं, तर मोर्चा निघेल. तारीख कळवू.

मावशीनं विचारलं, "मोर्चाला काच फुटणार का रं?"

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग मी पन येते."