हिंडण्यासाठी काम कशाला हवे?

‘उगाच हिंडू नकोस, घरी बसून अभ्यास कर,’ हे वाक्य ज्याच्या कानांवर कधी पडले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु हिंडणे निराळे आणि अभ्यास निराळा, असे या वाक्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत मला मान्य नाही. आपल्याच गावात, हातात काही काम नसताना, सावकाश पायी हिंडणे हा फार मोठा आनंद आहे. त्याला पैसा लागत नाही. विज्ञानाची आवडही बहुधा याच आनंदातून उगवते. म्हणून मुलांना हिंडू द्यावे, आणि शिक्षकांनीही त्यांच्याबरोबर हिंडावे, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी भंडारा शहर घेऊ. नागपूरच्या पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी हे जिल्ह्याचे ठिकाण वसले आहे. महामार्गाने जाणारे प्रवासी येथे क्वचितच थांबतात. ‘आमच्या गावात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असे येथील मुलेसुद्धा विचारतात. चला, चालत जाऊन पाहू.

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळी भांड्यांचे गाव अशी आहे. भांडी घडवण्याचे काम जेथे अजून हाताने चालते, त्या घरावरून जाताना क्षणभर थांबा. कारागीर हातोडीने पत्रा ठोकत असतो, आणि थोड्या वेळाने हातातले काम थांबवून भांडे भट्टीत तापवतो. हे कशासाठी? पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यातील अणू लहान लहान स्फटिकांत थराथरांनी रचलेले असतात. घाव बसला की थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पत्र्याला हवा तसा आकार येतो. पण प्रत्येक घावाबरोबर या रचनेत गुंता वाढत जातो आणि थरांचे सरकणे अवघड होते. पत्रा ताठर बनतो. तसाच ठोकत राहिले तर त्याला तडा जाईल. तापवल्यावर अणूंना हालचालीपुरती ऊर्जा मिळते, नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. धातुशास्त्राचा हा पाठ रस्त्यावर उभ्या उभ्या, फुकट मिळतो.

स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांनी पितळेचे गिऱ्हाईक नेले. त्यामुळे हा ठोक्यांचा आवाज पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे. मात्र तसाच एकसुरी ‘टुक् टुक् टुक्’ आवाज उन्हाळ्यात एखाद्या वडावरून किंवा उंबरावरून येतो. नीट पाहिले तर पानांत लपलेला, चिमणीएवढा, हिरवा पक्षी दिसतो. त्याच्या कपाळावर लाल ठिपका असतो. चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून तो हा आवाज काढतो. लोकांनी कारागिरावरूनच त्याचे नाव ‘तांबट’ ठेवले. ज्याने हे नाव ठेवले तो पायी चालणारा माणूस असला पाहिजे. मोटारसायकलवरून तांबटाचा आवाज ऐकू येत नाही.

आता तलावाकडे वळू. शहरात खांब तलाव आहे. शहराबाहेर पडलात तर जिकडे जाल तिकडे लहानमोठे तलाव आणि बोड्या भेटतात. भंडारा आणि गोंदिया हे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते, आणि या प्रदेशाला तलावांचा जिल्हा म्हणत. यांतील कित्येक तलाव कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधले. मालगुजारी पद्धत १९५०च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ याचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव करून टाकले.

अशा एखाद्या तलावाच्या पाळीवरून चाला. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या. मध्येच उभे राहून स्वतःला विचारा: पाळ याच बाजूला का घातली असेल? पलीकडच्या बाजूला का नाही? उत्तर पायांना लवकर कळते, कारण उतार पायांनाच जाणवतो. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात जाते, तेथून बोडीत आणि बोडीतून बांधीत. आजच्यासारखी मोजणीची यंत्रे नसताना त्या माणसांनी हा उतार ओळखला तो ही जमीन वारंवार तुडवूनच. पाण्यावर कमळाची पाने असतील तर त्यांवरून चालणारा कमळपक्षीही दिसेल. त्याची बोटे शरीराच्या मानाने विलक्षण लांब असतात. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरले की दाब कमी होतो, हे आपण पाठ करतो. कमळपक्षी तेच करून दाखवतो, आणि पान बुडत नाही.

नदीकाठचे चालणे आणखी वेगळे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याच्या पाण्याचा फुगवटा आता भंडाऱ्याच्या परिसरापर्यंत येतो. पूर्वी वाहती असणारी नदी कितीतरी काळ संथ दिसते. अशा संथ, सांडपाण्याने खतावलेल्या पाण्यात दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी झपाट्याने पसरते. तिची जांभळी फुले सुंदर दिसतात खरी, पण पाण्यात काय मिसळते आहे याची ती खूणही आहे. २०२० सालच्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला मोठा पूर आला आणि शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. एखाद्या भिंतीवर त्या पुराची रेघ अजून उरली असेल तर तिच्यापाशी उभे राहा. ती तुमच्या गुडघ्याला लागते की डोक्यावरून जाते? मग तेथून आपल्या घरापर्यंत रस्ता चढतो की उतरतो, ते चालून पाहा. हे ज्ञान एखाद्या रात्री घरातल्या सर्वांच्या उपयोगी पडू शकते.

हिंडण्यातून निघालेल्या रिकाम्या प्रश्नांना तुच्छ लेखू नका. अठराव्या शतकात कोनिग्सबर्ग नावाच्या शहरात नदीवर सात पूल होते. कोणत्याही पुलावरून दोनदा न जाता सातही पूल ओलांडून फिरता येईल काय, असा प्रश्न तेथील लोक एकमेकांना घालीत. या प्रश्नाने कोणाचे पोट भरणार नव्हते. पण तो ऑयलर या थोर गणितज्ञापर्यंत पोचला आणि १७३५ साली त्याने असे फिरणे अशक्य असल्याचे सिद्ध केले. त्याच विचारातून गणिताची एक नवी शाखा निघाली. आज रस्त्यांचे, विजेच्या जाळ्यांचे आणि संगणकांच्या जाळ्यांचे प्रश्न सोडवताना ती वापरतात.

हा प्रश्न तुम्हाला तुमच्या मोहल्ल्यातही घालता येईल. प्रत्येक गल्लीतून एकदाच जाऊन सगळा मोहल्ला फिरता येईल का? आधी चालून पाहा. नंतर कागदावर नकाशा काढा आणि प्रत्येक चौकाला किती गल्ल्या मिळतात ते मोजा. बंद गल्लीचे टोकही एक चौकच समजा. ज्यांना विषम संख्येने गल्ल्या मिळतात असे चौक दोनांपेक्षा अधिक निघाले, तर तसे फिरणे शक्य नाही. का, ते शोधण्याचा आनंद मी तुमच्यासाठी राखून ठेवतो.

येथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. असे काही वाचले की आपल्याला लगेच ‘प्रकल्प’ सुचतो. वही, तक्ता, दहा गुण, आणि सोमवारपर्यंत जमा करणे! कृपया हिंडण्याला गुण देऊ नका. गुण आले की मुले तांबट ऐकणार नाहीत, तक्त्यात तांबट लिहून मोकळी होतील. आठवड्यातून एक तास वर्ग घेऊन बाहेर पडा आणि मुलांना वाटेल तेथे थांबू द्या. त्यांच्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे आपल्याला येणार नाहीत. त्यात कमीपणा मानू नका.

अडचणी आहेत, त्या नाकारून चालणार नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी लवकरच निघायला हवे. चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला जागा उरलेली नाही. जी होती ती वाहनांनी आणि दुकानांनी घेतली. सर्वांत मोठी अडचण मुलींची आहे. आठवीत गेलेल्या मुलाला ‘उगाच हिंडू नकोस’ म्हणून सांगतात, आणि तो तरीही हिंडतो. त्याच वयाच्या मुलीचे हिंडणे मात्र खरोखर थांबते. शाळा, शिकवणी आणि घर यांपलीकडचे गाव तिला माहीत होत नाही. निम्म्या मुलांना गाव पाहायला न मिळणे हा अन्याय आहे, आणि विज्ञानाचे नुकसानही आहे. चौघीपाचजणी मिळून, आरंभी शिक्षिकेबरोबर, पाळीपर्यंत जाऊ लागल्या तर हळूहळू लोकांनाही त्याची सवय होईल.

हे सारे केवळ मौजेसाठी सांगत नाही. ज्या तलावाच्या पाळीवरून रोज दहा मुले चालत जातात, त्या तलावात कोणी मुरूम टाकू लागला तर त्याच संध्याकाळी दहा घरांत त्याची चर्चा होते. ज्या पाळीवर कोणी फिरकत नाही, तो तलाव बुजत आल्याचे गावाला कळते तेव्हा तेथे प्लॉट पडलेले असतात. तलाव, झाडे, नदी आणि कारागिरी सांभाळण्याचे कायदे आणि योजना हव्यातच. पण काय नाहीसे होत आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, आणि ते बहुधा नेहमी चालत जाणाऱ्याच्याच लक्षात येते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी घराबाहेर पडा. भंडारा असो, पवनी असो, तुमसर असो की एखादे लहान खेडे असो. आजवर कधी गेला नाहीत अशा एका गल्लीत शिरा. मोबाईल घरी ठेवलात तर उत्तम. आणि परत आल्यावर कोणी विचारले, ‘कशाला गेला होतास?’ किंवा ‘कशाला गेली होतीस?’, तर वाटेत दिसलेली एक गोष्ट त्यांना सांगा, आणि पुढच्या रविवारी त्यांनाही बरोबर न्या.