फिस्टुलाचा हात आणि पाण्याचा हंडा

डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करतात. त्या हाताने जड उचलू नका, त्यात घट्ट बांगड्या नकोत, त्यावर रक्तदाब मोजू देऊ नका, असे बाईला दवाखान्यात सांगतात. योग्यच आहे. पण मग हंडा कोण उचलणार? २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास घराबाहेर राहण्याची मोकळीक मात्र घरच्यांच्या मर्जीवर! एक खेप चुकली तरी अंगात पाणी साठते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर लागली नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर लगेच दवाखाना गाठायचा, स्वयंपाक उरकून नव्हे. गटातल्या बायकांनी तिच्या नवऱ्याशी, सासूशी आधी हंड्याचेच बोलावे.