मोळीवालीचा नातू

मागच्या महिन्यात एका पोरीनं मला भर सभेत उघडं पाडलं. वय असेल बारा. टेमघरला आमच्या वस्तीत रविवारी सकाळी विहारात पोरं जमवून मी गोष्टी वाचतो. ही पहिल्या रांगेत बसते आणि चुळबुळ करते. त्या दिवशी मी माझीच गोष्ट वाचली. अनुभवातली. खोलीत रॉकेलची चिमणी, बाप मागावर, पोरगा अभ्यास करून दहावीत पहिला येतो, पुढं साहेब होतो, आईच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या पडल्या. पोरगी म्हणाली, "सर, त्याचा भाऊ कांड्या भरायला गेला असं तुम्ही एकदाच लिवलंय. मग त्याचं काय झालं?"

काय झालं? दोस्तांनो, तो भाऊ म्हणजे माझा दादा. विहारापासून तीन गल्ल्या सोडून राहतो. आणि मी माझ्या गोष्टीत त्याला एका ओळीत गाडून टाकला होता.

हे आपल्यातल्या लिहिणाऱ्यांशी बोलायचंय. विशेषतः तुमच्यातले जे आता पोरांसाठी लिहू म्हणतायत त्यांच्याशी.

आधी थोडं मागं जाऊ. मराठीत पोरांसाठी अनुभवातून लिहिलेलं पुस्तक म्हटलं की सगळे एकच नाव घेतात, 'श्यामची आई'. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. गुरुजींवर माझा दात नाही. १९४७ साली पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून ज्या माणसानं प्राण पणाला लावले त्याच्यावर थुंकणारी औलाद आपली नव्हे. (देवळात जाऊन आपण काय दिवे लावणार होतो, हा सवाल वेगळा.) पण त्या पुस्तकात एक म्हातारी आहे. महारीण. तिची लाकडाची मोळी पडलीय आणि कुणी तिला हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. घरी आलास की आंघोळ कर.

वर्गात बाई हे वाचत होत्या तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, हीच तर गंमत! मी मनातल्या मनात श्याम होऊन मोळी उचलत होतो. घरी येताना, अर्ध्या रस्त्यात डोक्यात लख्ख पडलं: अरे, आपण श्याम नाही. आपण मोळीवालीकडचे. आंघोळ आपल्यामुळं करायचीय.

त्या म्हातारीला नातू असेल की नाही? मोळी विकून आलेल्या पैशाचं तिनं काय आणलं? तो बामणाचा पोरगा मोळी उचलून देऊन पळाला तेव्हा ती रात्री चुलीपुढं काय बोलली? हसली असेल का? ही गोष्ट मराठीत पोरांसाठी लिहायची राहून गेली. श्यामची झाली, मोळीवालीच्या नातवाची नाही.

आपल्या लोकांनी लिहिलं नाही असं नाही. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. १९७२ साली पँथर उठली आणि कवितेनं मराठीचं थोबाड रंगवलं. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, त्यापाठोपाठ आत्मकथनांची रांग लागली. पण हे सगळं थोरांसाठी. मी 'बलुतं' तेराव्या वर्षी वाचलं ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून. पोरांच्या हातात आपण काय दिलं? बाबासाहेबांचं पातळसं चरित्र आणि जयंतीला भीमगीतं. बाकी त्यांनी राजा-राणी वाचायचं, नाहीतर कोकणातल्या मामाचा वाडा.

संपादक लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. मलाही एकानं ऐकवलं. अनुभव दाहक आहे, पण मुलांना झेपेल का? अरे बाबा, बाराव्या वर्षी ज्याच्यावर हे गुदरतं त्याला ते जगायला झेपतं आणि वाचायला झेपत नाही होय? त्याला झेपणार नाही असं नाही, तुमच्या पोराला झेपणार नाही. तसं सरळ बोला.

झेपेल असं कसं लिहायचं, याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिलाय आणि आपण तो पोरांना वाचून दाखवत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पुस्तिका म्हणून छापली १९९० साली. त्यातली पहिली आठवण १९०१ ची. नऊ-दहा वर्षांचा भीम, थोरला भाऊ, बहिणीची मुलं, साताऱ्याहून वडिलांकडे निघालीत. बाबासाहेब सुरुवात अपमानापासून करत नाहीत. आधी नवे सदरे सांगतात, चमचमत्या टोप्या सांगतात, रेशीमकाठी धोतरं सांगतात. पहिल्यांदा आगगाडीत बसायचा आनंद. मग मसूर स्टेशन. वडिलांचा माणूस आलेला नाही. स्टेशनमास्तर कौतुकानं विचारतो आणि जात कळल्यावर मागं सरकतो. गाडीवाले दुप्पट भाडं घेणार आणि वर गाडी पोरांनीच हाकायची. डब्यात खायला भरपूर, पण पाणी कुणी देईना, म्हणून पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. टोप्या आधी सांगितल्या म्हणून ती रात्र अंगावर येते. हे लिहिलं ते बाहेरच्या लोकांना अस्पृश्यता कळावी म्हणून, पोरांसाठी नव्हे. तरी आमच्या विहारात मी हे मराठीत सांगितलं तेव्हा एक चिल्लर पोरगा ओरडला, "डबा कुणी संपवला मग?" असं ऐकतात पोरं.

आता माझ्या पापाकडं येतो.

बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून भिवंडीला आला. मागावर लागला. आम्ही दोघं इथं जन्मलो. १९८४ च्या मे महिन्यात दंगल पेटली, कारखाने थंड, घरात चूल थंड. पुढं कारखाने सुरू झाले, पण दादाची शाळा सुटली ती सुटलीच. कांड्या भरता भरता तो माग चालवायला शिकला. डोळे मिटून सांगायचा, तिसऱ्या मागाचा धोटा आता अडकणार. अडकायचा! रात्रपाळी करून केसांत कापूस घेऊन यायचा आणि पहाटे मला अभ्यासाला उठवायचा. आमच्या गल्लीतली आम्ही अकरा पोरं. दहावीपर्यंत पोचलो दोघं.

त्या दोघांतल्या एकाची गोष्ट मी 'अनुभव' म्हणून लिहिली. नऊ जणांचा अनुभव कुणाचा? विहारात समोर बसलेल्या पोरांपैकी बरीचशी त्या नऊ जणांच्या वाटेनं जाणार आहेत, हे मला माहीत, त्यांना माहीत. त्यांना मी काय सांगत होतो? पहिला ये, नाहीतर तू गोष्टीत एक ओळ.

त्या रविवारी संध्याकाळी वही घेऊन दादाकडं गेलो. वाचून दाखवली. दादा तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "ह्याच्यात म्या निस्ता पैसं देतोय. आन् रडतोय. म्या कवा रडलो रं?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुझं भूमितीचं पुस्तक म्याच फाडलं होतं. लई जळायचो तुझ्यावर."

ते पुस्तक मला लख्ख आठवतं. त्यापायी मी शेजारच्या पोराला चोपला होता. चाळीस वर्षं तो पोरगा माझ्या डोक्यात चोर होता.

बघा, किती मोठी गोष्ट माझ्याच घरात पडून होती! त्यागी दादा मला हवा होता, कारण त्यागी दादा असला की मी चांगला दिसतो. श्यामनं मोळी उचलावी तशी मी दादाला गोष्टीत उचलला, आणि हात धुऊन साहेब झालो. अनुभव आपला आहे म्हणून तो आपोआप खरा होत नाही. वरच्यांचं खोटं आपण बरोबर पकडतो, आपलं खोटं आईच्या डोळ्यांतल्या पाण्यात विरघळवून टाकतो.

आणि गावकुसाबाहेरचा आजोबा लिहिला म्हणजे सुटलो, असंही नाही. भिवंडीत आता बरेच माग भंगारात गेले, गोदामं उभी राहिली, दादाचा पोरगा तिथं खोके चिकटवतो. भाड्यानं खोली बघायला गेलं की अजून आधी आडनाव विचारतात. शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलतात, टेमघरला शुद्ध करतात, मग ते ठाण्याकडं, मीरा-भाईंदरकडं जातं. या पोरांना २० मार्च १९२७ चं चवदार तळं सांगायचं तर नळापासून सुरू करा की, ते पुराणकथेसारखं कशाला सांगता?

मी गोष्ट पुन्हा लिहायला घेतलीय. या वेळी दादा सांगतोय आणि धाकटा अधूनमधून येतो, जरा शिष्ट, भूमितीचं पुस्तक छातीशी धरून. दादाच्या दोन अटी आहेत. धोट्याचा आवाज बरोबर लिहायचा. आणि पुस्तक फाडलेलं गाळायचं नाही.

येत्या रविवारी पहिला भाग वाचणार आहे. ती पोरगी असेलच. दादा म्हणालाय, मागं दाराशी बसतो, चुकलास तर तिथनंच बोलतो.