तिसऱ्याचा दाखला

ग्रामपंचायत निवडणुकीच्या छाननीचा दिवस. तहसील कार्यालयाचा व्हरांडा माणसांनी फुललेला. विरोधी पॅनेलचा एक जण पिशवीतून कागद काढतो. घरपट्टीच्या थकबाकीचा नाही, अतिक्रमणाचाही नाही. उमेदवाराच्या तिसऱ्या अपत्याच्या जन्माचा दाखला. तारीख १२ सप्टेंबर २००१ नंतरची असली की दोन अपत्यांच्या नियमाखाली अर्ज बाद. उमेदवार म्हणतो, पोरगं भावाचं आहे. मग शाळेचा दाखला निघतो, अंगणवाडीचे रजिस्टर निघते. दोन्हीकडचे वकील आवाज चढवतात आणि एका अजाण पोराचा बाप कोण यावर भर व्हरांड्यात वाद रंगतो.

हा नुसता गावकीचा तमाशा नाही. त्या कागदामागे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक सिद्धांत उभा आहे. १७९८ साली माल्थस या इंग्रज पाद्र्याने मांडले की माणसे गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. गरिबाचे दैन्य त्याच्या पोरवड्यातून येते. हाच माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला निघालेली पोरे त्याच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकली. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनच्या तोंडी तीच भाषा होती: पिकापेक्षा प्रजाच वेगाने वाढते. त्याने धाडलेला अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. आपल्या दख्खनात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज धाडले. बंदरांतून गहू मात्र परदेशी जातच होता. तेव्हा पोटे जास्त होती की दाणा दुसरीकडे चालला होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माल्थसला उत्तरे पुष्कळ मिळाली. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात काम करून गेल्या आणि १९६५ साली त्यांनी गणित उलटे मांडले: माणसे दाटली की शेती सुधारते, पडीक रान उठते, दुबार पीक येते. पण मला सगळ्यांत पटतो तो जॉन कॉल्डवेल. हा ऑस्ट्रेलियन संशोधक नायजेरियात फिरला आणि १९७६ साली साधी गोष्ट सांगून गेला. घरात पैसा आणि कष्ट मुलांकडून आईबापांकडे वाहतात तोवर मुले जास्त होतात. तो ओघ उलटा फिरला की कमी होतात.

हे समजायला नायजेरियाला जायची गरज नाही. ऊसतोडीला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीवर. फडात थोरली पोर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते, म्हणून आईचे दोन्ही हात मोकळे राहतात. तिथे पोर म्हणजे खाणारे तोंड नव्हे, चालता हात. त्याच घरातला एखादा भाऊ तालुक्याला नोकरीला लागतो. पोराची इंग्रजी शाळा, रिक्षा, क्लास यांत त्याचा पगार जातो, आणि तो कोणी न सांगता दोनावर थांबतो. माल्थस दोघांनाही संयमाचा उपदेश करील. दोघांचा हिशेब मात्र आपापल्या जागी चोख आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १९९२-९३ मध्ये २.९ च्या घरात होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. पिढीला पिढी पुरायला २.१ लागतो. श्रेय दोन अपत्यांच्या नियमाचे म्हणाल, तर असला नियम नसलेले केरळ आणि तमिळनाडू १.८ वर कसे आले? मुली शिकल्या, जन्मलेली पोरे जगू लागली, गर्भनिरोधन हाती आले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते बाईच्या हाती उपाय द्यायला. कुणाचा उमेदवारी अर्ज बाद करायला नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणाचा असाच नियम वैध ठरवला, हे खरे. पण वैध ते शहाणपणाचे असतेच असे नाही. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत पाहणी केली, तेव्हा या नियमापायी टाकलेल्या बायका, दुसऱ्याला देऊन टाकलेली मुले आणि पाडलेले गर्भ समोर आले. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. सगळा दोष या नियमाचा नव्हे. पण मुलगा तर हवाच आणि तिसरे चालणार नाही, अशी अट घातल्यावर बळी कुणाचा जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आंध्र प्रदेशाने आपला १९९४ सालचा असाच नियम २०२४ मध्ये रद्द केला. आपणही करावा. नाहीतरी निवडणुकीत तो आहे फक्त सरपंच, सदस्य, नगरसेवक यांच्यासाठी. आमदार-खासदारांना तो कधीच लागू नव्हता.